प्राण्यांच्या रेस्क्यूबद्दल मुलांना लिहायला कसं शिकवावं? समस्या, कारण आणि उपाय

शाईची_दौत

नमस्कार मंडळी. मी ९ ते १२ वयाच्या मुलांचा छोटा लेखनवर्ग घेते आणि सध्या आमचा विषय चाललाय प्राण्यांचं रेस्क्यू, म्हणजे जखमी झालेले, कुठेतरी अडकलेले, पुरात सापडलेले प्राणी आणि त्यांना वाचवताना येणाऱ्या अडचणी. लेखनप्रकार समस्या आणि उपाय. विषय मुलांनीच निवडलाय, बोलायला लागली की थांबत नाहीत. पण वही उघडली की सगळ्यांच्या वहीत एकच उतारा. हा बघा नमुना, मुलाला विचारूनच देतेय:

"आज अनेक प्राणी संकटात आहेत. माणूस त्यांच्यावर अन्याय करतो. प्राणी मुके असतात. आपण त्यांना वाचवले पाहिजे. जनजागृती केली पाहिजे. प्राण्यांवर प्रेम केले पाहिजे."

आता याच मुलाने लिहायला बसायच्या जरा आधी मला सांगितलं होतं की त्यांच्या जिन्यात मोठी काच आहे, तिच्यावर पक्षी येऊन आपटतात, एकदा एक खाली पडला तेव्हा त्याची चोच उघडी होती, डोळे अर्धवट मिटलेले, आणि याला कळेना की हात लावावा का नको. यातलं एक अक्षर वहीत आलं नाही. निबंधात असलं काही लिहायचं नसतं असं त्याला वाटतं, हे मला फार लागलं.

मला वाटतं खरी अडचण ही की मुलं समस्या फार मोठी घेतात. 'प्राणी संकटात आहेत' याला उपायच नाही, मग जनजागृतीशिवाय लिहिणार काय? म्हणून मी आता आधी फक्त समस्या लिहायला लावते. कुठला प्राणी, कुठे, कधी, नेमकं काय होतं, आणि मग का होतं. या 'का'वर सगळ्यात जास्त वेळ घालवायचा. उपाय कारणावर बसला पाहिजे, नाहीतर तो नुसती सदिच्छा होते.

दोन गोष्टी हव्यात तुमच्याकडून. एक, अशी खरी उदाहरणं जिथे कारण नीट सापडलं आणि मग उपाय सुचला. दुसरं, लहान मुलांना अशा विषयातलं दुःख कसं पेलायला द्यायचं. मोकळेपणाने लिहा.

रानपाखरू

फार गरजेचा धागा. मी जखमी पक्ष्यांच्या केंद्रावर स्वयंसेवक आहे त्यामुळे माझं म्हणणं तिकडून येतंय. तुमच्या प्रश्नांच्याही आधी एक प्रश्न घाला, 'इथे खरंच अडचण आहे का?'

विणीच्या हंगामात आमच्याकडे खोक्यात घालून पिल्लं आणतात, त्यातल्या कितीतरी पिल्लांना काहीही झालेलं नसतं. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, जमिनीवर टुणटुण उड्या मारतंय, असं पिल्लू दिसलं की लोकांना वाटतं घरट्यातून पडलं बिचारं. ते पडलेलं नसतं, ते उडायला शिकत असतं आणि आईबाप तिथेच आसपास बसलेले असतात, माणूस हलायची वाट बघत. त्याला उचलून आणणं म्हणजे त्याच्या आईबापापासून तोडणं. मांजर किंवा रस्ता जवळ असेल तर फारतर उचलून जवळच्या झुडपात ठेवायचं. याउलट अंगावर पिसंच नाहीत असं उघडं पिल्लू खाली दिसलं तर ते खरंच पडलंय, घरटं सापडलं तर परत ठेवून द्यायचं. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते हे खरं नाही, ती टाकत नाही.

आता हे मुलांना लिहायला द्या. 'दोन पिल्लं दिसली, एकाला मदत हवी, एकाला नको, कशावरून?' मुलं बघायला शिकतात आणि मग आपोआप तपशील लिहायला लागतात, वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एक कळकळीने सांगते. मुलांच्या निबंधात नायक नेहमी स्वतः धावत जाऊन प्राण्याला उचलतो. घाबरलेला किंवा दुखावलेला प्राणी चावतो, अगदी घरचा सुद्धा. त्यामुळे उपायात 'मी मोठ्या माणसाला बोलावलं, लांब थांबलो, बाकीच्यांना लांब ठेवलं' हे आलं नाही तर उपाय अपुरा धरा. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची आणि डॉक्टरकडे जायचंच, रेबीजवर लस वेळेत घेतली तर माणूस वाचतो, लक्षणं दिसल्यावर जवळजवळ नाहीच. ही माहिती मुलांच्या स्वतःच्या वाक्यात त्यांच्या वहीत असायला हवी.

कडुनिंब

+१ रानपाखरू.

उदाहरण मागितलंत ना, मग हे घ्या, माझ्या वर्गात दरवर्षी चालतं. जून २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळ ट्रेझर नावाचं मालवाहू जहाज बुडालं आणि तेल पसरलं. रॉबेन आणि डासेन या बेटांवर आफ्रिकन पेंग्विनच्या मोठ्या वसाहती. सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले.

इथे मी थांबतो आणि मुलांना उपाय लिहायला सांगतो. सगळे लिहितात, धुवायचे. बरोबर, पण मग विचारतो की तेल लागलं तर नेमकं बिघडतं काय? पिसं एकमेकांत घट्ट अडकून पक्ष्याला जलरोधक कोट तयार करतात, तेलाने ती वीण मोडते, थंड पाणी थेट कातडीला लागतं, पक्षी गारठतो. शिवाय चोचीने पिसं साफ करायला जातो आणि तेल पोटात जातं. म्हणजे आलेला पक्षी थंडीने अर्धमेला, भुकेला आणि पोटात विष असा असतो, त्याला लगेच धुवायला घेतलं तर त्या ताणानेच मरेल. म्हणून आधी ऊब, पाणी, अन्न, जरा ताकद आली की मग धुणं, आणि धुतल्यावरही पिसं परत जलरोधक होईपर्यंत थांबायचं. मुलांना 'आधी', 'मग', 'तोवर' हे शब्द असे वापरायला मिळतात की परत शिकवावे लागत नाहीत.

पण खरी मजा पुढे आहे. अजून जवळपास १९,५०० पेंग्विन स्वच्छ होते, पण समुद्रात तेल होतं, ते पाण्यात उतरले की तेही माखणार. काय कराल? मुलं म्हणतात कोंडून ठेवू. एवढ्यांना कुठे कोंडणार, कोण खायला घालणार? तिथल्या लोकांनी काय केलं, त्यांना ट्रकमध्ये घालून सुमारे ८०० किलोमीटर लांब पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडलं. पेंग्विन आपल्या बेटाकडे पोहत परत येणार हे माहीत होतं, आणि त्या पोहण्याला लागणाऱ्या दोन-तीन आठवड्यांत इकडे तेल साफ करून घेतलं! पक्ष्यांची घरी परतायची सवय हाच उपाय झाला. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता होते ना, त्यानंतर कोणी 'जनजागृती' लिहीत नाही.

शाईची_दौत

कडुनिंब सर, हे उद्याच घेते. तेल लागलेल्यांपैकी किती वाचले हो? मुलं पहिला हाच प्रश्न विचारणार.

कडुनिंब

९० टक्क्यांहून जास्त परत सोडता आले. तेलगळतीतल्या पक्ष्यांसाठी हा आकडा फारच मोठा आहे. हजारो स्वयंसेवक राबले त्यासाठी. आणि हो, पुढचा प्रश्न 'उरलेल्यांचं काय झालं' हा येणारच, तयारी ठेवा.

आभाळवेडी

त्याच प्रश्नावर मी अडलेय म्हणून लिहिते. माझी लेक ८ वर्षांची आहे, रस्त्यावरच्या मांजरीच्या पिल्लांवर लिहायला घेतलं आणि एक पिल्लू गेलं होतं तिथे आली आणि रडायला लागली, मग दोन दिवस वही उघडली नाही. मला वाटतं एवढ्या लहान मुलांना हा विषयच देऊ नये, फुलपाखरं बागा वगैरे द्यावं. बाकीच्यांचं काय मत?

रानपाखरू

आभाळवेडी, तुमची काळजी अगदी समजते पण विषय काढून घेऊ नका असं मला मनापासून वाटतं. तिने ते बघितलंय, न लिहिल्याने ते जात नाही. फक्त ते तिनेच लिहिलं पाहिजे असा आग्रह नको. तिला सांगा की तू त्या ओळीवर थांबू शकतेस, तो भाग नंतर लिहू किंवा नाही लिहिला तरी चालेल, आता बाकीच्या पिल्लांचं काय केलं ते लिही. कोणी खोका आणला, त्यात काय अंथरलं, ऊब कशी दिली. आमच्या केंद्रावर एखादा जीव वाचत नाही तेव्हा मोठी माणसं सुद्धा अशीच पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात, हाताला काम लागतं.

आणि शेवट गोड करायला लावू नका प्लीज. 'आणि मग सगळी पिल्लं आनंदाने राहू लागली' हे तिला खोटं आहे हे माहीत असतं.

पाटी_पुसणे

रानपाखरूंशी सहमत, भर एवढीच की लहानांना आधी लिहायला लावूच नका. ७-८ वर्षांची मुलं आधी तोंडी सांगू देत, मग चित्र काढू देत तीन चौकटींचं, काय झालं, का झालं, काय केलं. त्या चित्रांखाली एकेक वाक्य. एवढं पुरे आहे त्या वयाला. इंटरनेटवरचे जखमी प्राण्यांचे फोटो तर अजिबात दाखवू नयेत, मुलं फोटोचं वर्णन करत बसतात आणि कारण राहून जातं, शिवाय रात्री झोपत नाहीत ते वेगळंच.

आभाळवेडी

तीन चौकटी करून बघते. ऊब कशी दिली हे तिला नक्की आवडेल लिहायला, बाटलीत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळून ठेवायची आयडिया तिचीच होती.

रानपाखरू

मग तर तिने हे लिहायलाच हवं! आणि बरोबर केलंत, गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग खाणं. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर पचत नाही. आणि गायीचं दूध नकोच, पोट बिघडतं, मांजरीच्या पिल्लांसाठीचं वेगळं दूध मिळतं ते डॉक्टरांना विचारून. हे सुद्धा समस्या-उपायाचं केवढं चांगलं उदाहरण आहे बघा, प्रेमाने दिलेला उपाय आणि तरी चुकीचा.

टाचणी

मी ११-१२ वर्षांच्या मुलांसाठी एक छोटं उदाहरण देतो, पेंग्विनएवढं भव्य नाही पण मुलं यावर तुटून पडतात. ब्रिटनमध्ये हेजहॉग नावाचा काटेरी छोटा प्राणी असतो. एका मोठ्या कंपनीच्या आइस्क्रीमचे कप लोक टाकून द्यायचे, हा प्राणी उरलेलं चाटायला झाकणाच्या भोकातून डोकं आत घालायचा, आत जाताना काटे मागे वळतात म्हणून डोकं जायचं पण मागे येताना तेच काटे अडकायचे. मग तसाच उपाशी मरायचा.

मी मुलांना तीन रांगा करायला लावतो. पहिल्या रांगेत आता अडकलाय त्याच्यासाठी काय, दुसऱ्या रांगेत उद्या अडकू नये म्हणून काय, तिसऱ्या रांगेत हे कोणाच्या हातात आहे. पहिल्या रांगेत कप कापून काढणं येतं. दुसऱ्यात सगळी मुलं लिहितात कचरा टाकू नका. ठीक, पण लोक टाकतातच. मग हळूच एखादी म्हणते, भोकच लहान केलं तर? आणि तेच झालं, प्राणिप्रेमी संस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये कंपनीने झाकणाचं तोंड लहान केलं. एका मुलीने यावर लिहिलं होतं, "हेजहॉगला सवय बदलता येत नाही, माणसं बदलत नाहीत, म्हणून आम्ही झाकण बदलू." मला यापेक्षा चांगला उपायाचा परिच्छेद मोठ्यांकडूनही मिळालेला नाही.

कडुनिंब

वा! तिसरी रांग चोरतोय. 'हे कोणाच्या हातात आहे' याने सगळ्या 'पाहिजे'वाल्या वाक्यांचं निदान होतं. 'प्राण्यांना वाचवले पाहिजे' यात करणारा कोणी नाहीच. मी मुलांना सांगतो की उपायाच्या प्रत्येक वाक्यात करणारा दिसला पाहिजे, शिपाईकाका, आई, पशुवैद्य, कंपनी, नगरपालिका, मी, कोणीही, पण कोणीतरी. एवढ्या एका अटीने निम्मी वाक्यं खोडली जातात, आणि उरतात ती खरी असतात.

गिधाडमित्र

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे १२ च्या पुढे, गिधाडांचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात भारतात गिधाडं झपाट्याने कमी व्हायला लागली, पांढऱ्या पाठीची गिधाडं तर १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. आधी संशय रोगाचा होता, विषाणू असेल असं वाटत होतं. २००४ मध्ये कारण सापडलं, डायक्लोफेनॅक, म्हणजे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम होतं जे गिधाडांना अपाय करत नाही.

याचा लेखनासाठी उपयोग असा की मुलांना दिसतं, कारण चुकलं असतं तर उपाय केवढा वाया गेला असता. रोग समजून पक्ष्यांना औषध देत बसलो असतो. आणि अजून एक, बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतलं औषध गुरांना दिलं जात राहिलं, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याच बंद करून ३ मिलीची मर्यादा आणली. उपायात फट राहते आणि परत बुजवावी लागते. मुलांच्या निबंधात हा परिच्छेद कधीच नसतो, 'उपाय केल्यावर काय राहिलं?'

पाटी_पुसणे

माहिती उत्तम, पण हे रेस्क्यू नाही ना, हे संवर्धन झालं. मुलांचा गोंधळ होईल. एक जीव हातात घेऊन वाचवणं वेगळं आणि अख्खी जात वाचवणं वेगळं.

गिधाडमित्र

वेगळं आहे हे मान्य, पण वेगळं ठेवू नये असं माझं मत. केंद्रावर मान टाकून बसलेली गिधाडं येतच होती, त्यांना कितीही सलाईन लावलं तरी ती का येतायत हे कळल्याशिवाय येणं थांबणार नव्हतं. टाचणींच्या पहिल्या आणि दुसऱ्या रांगेतलं अंतर तेच तर आहे.

पाटी_पुसणे

हं, असं मांडलं तर पटतंय. तरी १० वर्षांखालच्यांना नको, त्यांना एकच प्राणी, एकच जागा.

टाचणी

वयाचा मुद्दा निघालाच आहे तर मोठ्या मुलांसाठी अजून एक. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं तेव्हा बऱ्याच निवाऱ्यांमध्ये पाळीव प्राणी नेता येत नव्हते, आणि कित्येक माणसांनी कुत्र्यामांजरांना सोडून घराबाहेर पडायला नकार दिला. म्हणजे प्राण्यांची सोय नव्हती म्हणून माणसांचा जीव धोक्यात आला. २००६ मध्ये तिथे कायदा झाला की आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राणी असलेल्या लोकांचा विचार करावा लागेल. 'आधी माणसं का प्राणी' असा वाद मुलं हमखास घालतात, या उदाहरणाने तो वाद लिहिण्यालायक होतो कारण इथे दोन्हीचं उत्तर एकच निघतं.

शाईची_दौत

सगळ्यांचे खूप आभार, मला इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. काचेवाल्या मुलाबरोबर परत बसले. मी फक्त प्रश्न विचारत गेले, कुठे बसून बघितलंस, किती वाजता, काचेत तुला काय दिसतं. तो जाऊन बाहेरच्या बाजूने बघून आला, पक्ष्याच्या जागेवरून म्हणे. दुसरा खर्डा हा:

"आमच्या जिन्याच्या काचेवर पक्षी आपटतात. सकाळी जास्त आपटतात. मी बाहेर उभा राहून बघितले तर काचेत समोरचे झाड दिसते. पक्ष्याला वाटते तिकडे पण झाड आहे. तो वेडा नाही, काच खोटे दाखवते. बाबांनी आतून गरुडाचे एक स्टिकर लावले होते पण त्याच्या बाजूला येऊन पक्षी आपटला. आता आम्ही बाहेरून ठिपके लावणार आहोत. दोन ठिपक्यात ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा ठेवायची नाही म्हणजे पक्ष्याला मधून जाता येणार नाही असे वाटेल. वरची काच बाबा लावतील कारण शिडी लागते."

'काच खोटे दाखवते' वाचून मी जागेवरून उठले. स्टिकर एकटं पुरत नाही हे त्याने स्वतः बघितलं होतं, ५ सेंटिमीटरचं मात्र आम्ही मिळून शोधलं. आणि बघा, शेवटच्या वाक्यात करणारा आलाय, शिडीसकट.

रानपाखरू

किती सुंदर लिहिलंय! त्याला सांगा ठिपके बाहेरूनच लावायचे हे अगदी बरोबर, आतून लावले तर प्रतिबिंबाखाली लपतात. आणि त्याचा पहिला प्रश्न राहिला, हात लावावा का नको. आपटून पडलेला पक्षी मोठ्या माणसाने हलकेच उचलून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, खोकं बंद, अंधारात आणि शांत जागी. पाणी चोचीत ओतायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. तासा-दोन तासांनी बाहेर नेऊन उघडायचं, उडाला तर उडाला, नाहीतर पशुवैद्याकडे किंवा केंद्रावर. हा परिच्छेद त्याला सुरुवातीला घालू दे, कारण वाचणाऱ्याला आधी तोच लागेल.

शाईची_दौत

हो, घालतो आम्ही. आणि वर्गाने ठरवलंय की टाचणींच्या तिसऱ्या रांगेत ज्याचं नाव येईल त्याला खरंच पत्र लिहायचं. काचेसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना जाणार आहे, बाकीच्या जिन्यांनाही तशाच काचा आहेत. पत्रात मुलांनी पक्षी पडल्याच्या तारखा आणि वेळा लिहायच्या, कारण लिहायचं, ठिपके कोण लावेल ते लिहायचं आणि उत्तर कधीपर्यंत हवं तेही. विनंती एकच, जास्त मागण्या घातल्या की कुठलीच होत नाही. उत्तर आलं की इथे टाकते, नाही आलं तर पुढच्या तासाला स्मरणपत्र कसं लिहायचं ते घेऊ.